दोन्ही खांदे टेकले अन् मी थांबलो

माझ्या हरलेल्या फाइटचा व्हिडिओ धाकट्या भावानं मोबाइलवर काढलाय. साडेदहा मिनिटांचा आहे. शेवटची दोन मिनिटं तो नुसता "दादा, मान! दादा, मान!" असं ओरडतोय, त्यामुळं हात हलतो अन् नेमकं जे पाहायचं ते दिसत नाही. बाकीचं सगळं मात्र स्वच्छ दिसतं.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेली ही जमीन. विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. शेती सगळी वरच्या पाण्यावर: मूग, पऱ्हाटी, मग हरभरा. मारुतीच्या देवळामागं आखाडा आहे. काळ्या मातीत कुस्ती होत नाही, भेगा पडतात, म्हणून तिथली लाल माती ट्रॅक्टरनं बाहेरून आणलेली. तेल, हळद, ताक, लिंबू घालून वस्तादांनी ती पोसली. त्या मातीत मी अकराव्या वर्षापासून लोळलो. गावोगावच्या दंगली केल्या. कधी पाचशे रुपये, कधी स्टीलचा हंडा, एकदा टेबलफॅन. तो फॅन अजून चालतो.

एमएमएचं, म्हणजे ठोसे, लाथा अन् कुस्ती सगळं चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सचं वेड मोबाइलनं लावलं. अमरावतीत एक सर शिकवतात असं कळलं, तेव्हा आठवड्यातून तीनदा एसटीनं जायला लागलो. बाबांना पटवायला रितू फोगाट कामी आली. ती पैलवान पोरगी 2019 मध्ये कुस्ती सोडून पिंजऱ्यात, म्हणजे एमएमएच्या जाळीबंद रिंगणात उतरली होती, अन् फोगाट म्हटलं की आमच्या गावात कोणी वाद घालत नाही. वस्तादांना पटवणं जड गेलं. ते सत्तरीपार गेलेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या लोकांनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवले, हे ते असं सांगतात की जणू स्वतः बोटीत होते. "पडल्यावर मारतेत तुमच्या खेळात," म्हणाले. "पडलेल्याले मारनं ह्या काय खेळ झाला?" मी गप्प राहिलो. या एका वाक्यावर पुढं माझी फाइट अडणार होती, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पहिली चूक पिंजऱ्यात उतरायच्या बारा दिवस आधीची आहे.

माझं वजन होतं साडेसत्तर किलो. एमएमएत 70.3 किलोचा एक गट असतो, त्याच्या खाली 65.8 चा. दोनशे ग्रॅम कमी केले असते तर वरच्या गटात जेवूनखाऊन बसलो असतो. पण डोक्यात शिरलं की खालच्या गटात पोट्टे बारके असतील, आपण त्यांना उचलून आपटू. टीव्हीवरचे मोठे फायटर वजन उतरवतात, मग आपणही उतरवू. त्यांचं वजन फाइटच्या आदल्या दिवशी होतं, पाणी परत भरायला त्यांना पुरा दिवस मिळतो. आमच्या हौशी स्पर्धेत वजन सकाळी आठला अन् फाइट त्याच दिवशी दुपारी. हे मला माहीत होतं. सरांनी दोनदा सांगितलंही होतं.

दिवाळी नुकती झालेली. घरात चकल्या, करंज्या, शेव डब्यात, अन् मी बिनमिठाचं वरण पितोय. अंगात जर्किन, त्यावर रेनकोट, अन् बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांकडेनं दुपारी धावतोय. हरभरा पेरणारे लोक काम थांबवून पाहायचे. शेवटच्या दोन दिवसांत पाणीही तोडलं. शहानूरच्या धरणाचं गोड पाणी नळाला आलं, माय गुंडावर गुंड भरत होती, अन् मी त्या धारेकडं पाहत उंबऱ्यात बसलेलो. "अर्धा झाला लेका तू," माय म्हणाली. "कोनाशी भांडाले चालला तू, त्याच्याशी का भाकरीशी?"

नागपुरात काट्यावर 65.7 आलं. शंभर ग्रॅम खाली उतरलो याचा केवढा आनंद. तिथंच समोरचा दिसला, निळ्या टीशर्टातला. माझ्यापेक्षा चार बोटं उंच, खांदे रुंद. त्यानंही बारके पोट्टे शोधायलाच वजन उतरवलं होतं बहुतेक. मग सरांची नजर चुकवून मी अन् भावानं बाहेर ठेल्यावर जाऊन तर्री-पोहे हाणले. दोन प्लेट, वरून जादा तर्री. बारा दिवस मिठाविना काढलेल्या माणसाला त्या लाल रश्शापुढं अक्कल राहत नाही. याला डावपेचातली चूक म्हणायचं की नुसता अधाशीपणा, तुम्ही ठरवा. बरगडीखाली लाथ बसली तेव्हा ती तर्री नाकापर्यंत आली होती, एवढं सांगतो.

प्लॅन साधा होता. समोरचा किकबॉक्सिंगवाला, डावखुरा. पट म्हणजे खाली घुसून समोरच्याचे पाय धरून त्याला पाडायचा डाव. सर म्हणाले, "उभं राहून त्याच्याशी खेळायचं नाही. पहिल्या मिनिटात पट काढ, जाळीला लाव, खाली घे, खालीच ठेव. आणि तुझ्या डावीकडं फिर, उजवीकडं नाही." डावखुऱ्याचा जोर मागच्या डाव्या हातात अन् डाव्या पायात. आपण आपल्या उजवीकडं सरकलो की त्याच्या तोंडी आयते जातो. हे मी वहीत लिहून ठेवलं होतं, खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

पहिला राउंड. तीन मिनिटांचे तीन राउंड, कोपर मारायला बंदी, नडग्यांना गार्ड, हातमोजे व्यावसायिकांच्या चार औंसांपेक्षा जाड. घंटा झाली. दहाव्या सेकंदाला मी सहज उजवा हात फेकला अन् तो त्याच्या गालावर बसला. खाडकन. त्याची मान वळली. अख्खा हॉल ओरडला.

तो आवाज मला अजून ऐकू येतो. दंगलीत लोक ओरडतात ते डाव पडल्यावर, कुस्ती निकाली झाल्यावर. इथं एका ठोशावर एवढा कालवा. मला वाटलं, अरे, आपल्याला हे पण येतं! आठ महिने बॉक्सिंग शिकलेला मी, बारा-चौदा वर्षं कुस्ती केलेल्या मला त्या क्षणी विसरलो. पुढची अडीच मिनिटं मी तोच एक ठोसा पुन्हा मारायला शोधत होतो. व्हिडिओत सरांचा आवाज आहे, "पट! पट! पट!" आधी मोठा, मग चिडका, मग थकलेला.

यात एक बारकी गोष्ट आहे, ती मला नंतर कळली. कुस्तीत माझा उजवा पाय पुढं असतो. बॉक्सिंग शिकताना सरांनी डावा पुढं करायला लावला, कारण जोराचा हात मागं हवा. म्हणजे ठोसे मारायला उभा राहिलो की माझा पट निघायचा पायच मागं. पट काढायचा तर आधी पाय बदलावा लागे, अन् तो बदललेला पाय त्याला दिसे. दोन दुकानं एका शटरमध्ये चालवायला गेलो, अन् गिऱ्हाईक आलं तेव्हा दोन्हीची किल्ली सापडेना. सरावात हे कधी जाणवलं नाही. तिथं समोर आपलेच पोट्टे असतात, ते थांबतात.

अन् मी उजवीकडं फिरत होतो. का, ते विचारू नका. आखाड्यात मला उजवीकडून हाताला लागायची सवय. त्यानं तीन वेळा डावी लाथ माझ्या उजव्या बरगडीखाली घातली. तिथं यकृत असतं. यकृतावर लाथ बसली की आधी काहीच होत नाही. एक श्वास जातो. मग कोणीतरी आतून दोरी ओढल्यासारखं अंग दुमडायला लागतं, अन् तुम्ही कितीही म्हणा उभं राहायचं, गुडघे ऐकत नाहीत. तिसऱ्या लाथेनंतर मी हसून दाखवलं. व्हिडिओत ते हसू फार वाईट दिसतं. ज्याला लागत नाही तो हसत नाही, हे समोरच्याला कळतं.

राउंड त्याचाच होता. मधल्या एका मिनिटात सरांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, मानेवर बर्फ ठेवला अन् हळू आवाजात म्हणाले, "तू कोण आहेस?" मी म्हणालो, "पैलवान." "मग?"

दुसऱ्या राउंडला मी ठोशाचा नादच सोडला. उजवा पाय पुढं घेतला. त्यानं लाथेसाठी पाय उचलला तसा आत घुसलो, दोन्ही मांड्या धरल्या, खांदा पोटात घातला. दुहेरी पट, जसा वस्तादांनी शिकवला तसाच. उचलला, वळवला, टाकला. धप्प. इतका सुंदर पट मी दंगलीतही क्वचित काढला असेल. तो पाठीवर, मी वर. त्याचे दोन्ही खांदे मॅटला टेकलेले.

आता जे झालं ते नीट सांगतो, कारण सगळी फाइट त्याच एका सेकंदात आहे.

मी थांबलो.

कोणी मारलं नव्हतं, दम गेला नव्हता, रेफरी काही बोलला नव्हता. दोन्ही खांदे टेकले अन् माझ्या अंगानं कुस्ती संपवली. चितपट. अकराव्या वर्षापासून त्या क्षणाला पकड सोडायची, उठायचं, वस्तादांच्या पाया पडायचं, ही सवय. डोक्याला माहीत होतं की इथं चित करून काही मिळत नाही, खरं काम इथून पुढं. हातांना माहीत नव्हतं. व्हिडिओ सावकाश चालवला तर माझी छाती त्याच्या छातीवरून चार बोटं वर उचललेली दिसते, हात सैल. पुरता एक सेकंद. तेवढ्यात त्यानं दोन्ही पाय माझ्या कमरेभोवती टाकले, घोटे एकमेकांत अडकवले अन् मला आत ओढलं.

मांडीबाहेर निघून आडवं बसलो असतो तर तो तिथंच अडकला असता. आता त्याच्या पायांच्या कुलुपात मी. वर असूनही अडकलेलो. त्याचे छोटे छोटे ठोसे कानावर पडत होते. उपाय साधा: पाठ सरळ करून बसायचं, एक गुडघा त्याच्या माकडहाडाशी लावायचा, कुलूप उघडायचं, मग मारायचं. पण पाठ सरळ करायला जीव लागतो, अन् माझा जीव रुळांकडेला रेनकोटात सांडलेला. मी डोकं त्याच्या छातीवर टेकलं अन् मिठी मारून पडून राहिलो. वाटत होतं, वर आहे, म्हणजे जिंकतोय.

तसं नसतं. गुण देताना आधी पाहतात की ठोशानं किंवा पकडीनं समोरच्याचं खरं नुकसान किती केलं. नुसता पाडला अन् वर झोपून राहिलात तर त्याची किंमत फार नाही. रेफरी दोनदा "काम करो" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं आम्हाला उभं केलं. नुसत्या मिठीपायी तो अख्खा पट मी फुकट घालवला. माझ्या आयुष्यात इतका राग कोणाचा आला नव्हता, अन् रेफरीचं त्यात काही चुकलं नव्हतं.

कॉर्नरमध्ये सर म्हणाले, "बहुतेक एक-एक आहे. आता आधी हात दाखव, मग पट." एवढंच. हात दाखव, मग पट. समोरच्याचे हात वर गेले की खाली जागा होते, हे लहान पोराला कळेल.

तिसऱ्यात मी हात दाखवला नाही. माझे हात खांद्यावर उचलत नव्हते. लांबून, डोकं खाली घालून, सरळ धावत पट मारला. रोज सकाळी सात वाजता येणारी एसटी जशी दिसते तसा तो त्याला दिसला असेल. त्यानं पाय मागं फेकले, छाती माझ्या पाठीवर टाकली अन् हात मानेखालून घातला.

इथं मला भारत खंडारे आठवला. यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत उतरलेला भारतातला पहिला फायटर, आपला मुंबईचा, कुस्तीतला. नोव्हेंबर 2017 मध्ये शांघायला साँग यादोंगनं त्याला पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिन चोकनं, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळून संपवलं. ती फाइट मी मोबाइलवर किती वेळा पाहिली असेल, गणती नाही. आपल्यासारखाच पैलवान, अन् मान अडकली. तेव्हापासून मनाशी पक्कं केलं होतं की मान द्यायची नाही. सरावात दुसरं काही केलं नसेल इतका गिलोटिन सोडवायचा सराव केला होता. म्हणून निळ्या टीशर्टवाल्यानं हात घातला अन् मला खरंच आनंद झाला. हा पेपर आपल्याला येतो! हनुवटी आत घेतली, त्याचं मनगट धरलं, मान ओढून काढली. निघालीसुद्धा.

अन् निघाल्यावर मी पालथा बसलो. गुडघे अन् कोपरं जमिनीला, पोट आत, मान खांद्यात.

कुस्तीत ही सगळ्यात भरवशाची जागा. जोपर्यंत पालथे आहात तोपर्यंत चित होत नाही. वरचा सवारी भरेल, घिस्सा मारेल, मोळी बांधेल, पण तुम्ही दगड होऊन बसलात तर दहा मिनिटं काढाल. मी दगड झालो. तो फिरून मागं आला, आधी एक पाय मांडीच्या आत घातला, मग दुसरा. सवारीच ती. मला ओळखीचं वाटलं, बरंही वाटलं. फरक इतकाच की आखाड्यात गळा दाबायला बंदी आहे.

त्याचा हात हनुवटीखालून सरकला तेव्हा आवाज सगळे एकदम लांब गेले. दुखत नाही फारसं. मानेच्या दोन्ही बाजूंनी रक्त अडतं, अन् डोळ्यांच्या कडा काळ्या व्हायला लागतात, जुन्या टीव्हीसारख्या. मी मॅटवर तीनदा थापा मारल्या, म्हणजे टॅप केलं, हार मानली. चाळीसेक सेकंद उरले होते.

परतताना गाडीत सरांनी समजूत घालायला 2010 ची गोष्ट काढली. यूएफसीतल्या चेल सोनन नावाच्या कुस्तीवाल्यानं चॅम्पियन अँडरसन सिल्वाला चार राउंड खाली दाबून ठेवलं अन् पाचव्यात सिल्वाच्याच पायांच्या ट्रँगलमध्ये, म्हणजे मान आवळणाऱ्या पायांच्या फासात अडकून टॅप केलं. "मोठमोठ्यांचं होतं," सर म्हणाले. मी म्हणालो, "सर, त्यानं चार राउंड जिंकले होते." मग तळेगावपर्यंत कोणी बोललं नाही.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. आठवडाभर मी देवळाकडं गेलो नाही. मग एका संध्याकाळी वस्तादांनीच निरोप पाठवला: "मोबाइल घेऊन ये म्हना."

आखाड्याच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळा व्हिडिओ पाहिला, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून. पहिल्या राउंडला काही बोलले नाहीत. लाथा बसल्या तेव्हा तोंडानं च्च केलं. दुसऱ्यात पट निघाला तसे मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा रे पठ्ठे!" अन् लगेच, "मांगं घे."

मी मागं घेतला.

"अजून मांगं. हां. आतं चालू दे." पट, उचल, धप्प. "थांब. येथी काय केलं तू? येथी काहून थांबला?"

सरांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. त्यांनी डोकं कुठं होतं, पाय कुठं, मिठी किती वेळ, सगळं काढलं होतं. तो एक सेकंद त्यांना दिसला नव्हता. मलाही वस्तादांनी बोट ठेवल्यावर दिसला.

"चित झाला नं तो, वस्ताद," मी म्हणालो.

वस्ताद बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले. भाऊ अन् तीन-चार पोट्टे पाठीमागं उभे होते. "म्हंजे मीच हरवलं तुले," असं काहीतरी ते पुटपुटले, का मला तसं वाटलं. मग मोबाइल माझ्या हातात दिला, धोतर खोचलं अन् मातीत उतरले. गेल्या दोन वर्षांत ते मातीत उतरलेले मी पाहिले नव्हते.

"ये बे," त्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका पोट्ट्याला हाक मारली. "आतं पाह्य तू. चित झाला तं सोडाचं नाई. पकड तशीच ठेवाची, छातीवर बसाचं, मंग काय तुह्या खेळाचं ठोसेबिसे असन ते करजो. पन सोडाचं नाई. समजलं? पाह्य."

त्यांनी पोट्ट्याचा हात धरला, जरासं खाली वाकले, अन् काय केलं ते मला नीट दिसलंही नाही. इतकं हळू, इतकं मऊ. पोट्टा मातीत पाठीवर, दोन्ही खांदे टेकलेले.

वस्तादांचे हात आपोआप सुटले. ते उठले, मागं सरकले अन् त्यांनी शड्डू ठोकला.

पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. वस्ताद हात मांडीवर तसाच ठेवून उभे होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, स्वतःच्या पंजाकडं पाहिलं, अन् माती झटकली.

"झोप बे पुन्हा," ते त्या पोट्ट्याला म्हणाले.